एक नग

रंगारी मॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. साकोलीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला रुजू झालो त्या दिवशी शिक्षक-खोलीत प्रत्येकाने माझं आडनाव विचारलं. लांजेवार म्हटल्यावर "कुठले लांजेवार?" हेही विचारलं आणि त्यावरून जे काय समजून घ्यायचं ते समजून घेतलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या एक उंच, सावळ्या बाई मात्र माझ्या चपलांकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "उजवी टाच एकाच बाजूनं झिजली तुमची. लहानपणी पाय मोडला होता काय?"

मोडला होता. चिंचेवरून पडलो होतो, सातवीत असताना. हे आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या जीवशास्त्र शिकवायच्या. पूर्ण नाव यशोधरा रंगारी, गाव तुमसर तालुक्यातलं सिहोरा. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, हे तोंडावर विचारायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून सगळे पाठीमागे विचारत. आठवडी बाजारातल्या मटणवाल्याकडून त्या बकऱ्याच्या नळ्या आणि जबडे आणायच्या, घरी उकळून, घासून, उन्हात वाळवून वर्गात दाखवायच्या. स्टाफच्या जेवणात त्यांच्या ताटाच्या कडेला कोंबडीची हाडं डावी-उजवी लावून ठेवलेली असत. "काय नग आहे ही बाई!" असं म्हणण्याची आमच्या शिक्षक-खोलीत रीतच होती. म्हणणाऱ्यांत मीही होतो. आज ते आठवलं की माझीच मला चीड येते.

आमच्याकडे शिकलेला माणूस रागावला की हिंदीत किंवा इंग्रजीत शिरतो. मॅडमचं उलटं होतं. वर्गात त्या स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या आणि राग आला की थेट सिहोऱ्याच्या बोलीत उतरायच्या. "काहून रे" एवढं ऐकू आलं की शेवटचा बाक सरळ होऊन बसायचा.

अकरावीच्या पहिल्या तासाला त्या पुस्तक उघडत नसत. सगळ्या वर्गाला मैदानात नेऊन चपला काढायला लावायच्या आणि म्हणायच्या, "उकिडवे बसा. टाचा भुईला टेकल्या पाहिजेत." खेड्यातली मुलं पटकन बसायची. हायवेवरच्या दुकानदारांची दोन-चार मुलं मागे कोलमडायची आणि वर्ग हसायचा. मग उभं राहायचं, मग एका पायावर उभं राहायचं, मग चालायचं. "आता सांगा, इतका वेळ ताठ उभं राहून चालणारं दुसरं कोणतं जनावर तुम्ही पाहिलं?" कुणीतरी हमखास कोंबडी म्हणायचं. "कोंबडी दोन पायांवर आडवी चालते, बाबू. पाठीचा कणा उभा करून चालतो तो माणूसच."

आणि मग तिथेच, लिंबाच्या सावलीत, त्या सांगायला लागायच्या. आपले पूर्वज आधी हुशार झाले आणि मग उभे राहिले, असं नाही. आधी उभे राहिले. मेंदू मोठा झाला तो कितीतरी नंतर. उभं राहिल्यानं हात मोकळे झाले. पण चार पायांच्या जनावराचा कणा दोन पायांवर तोलायचा, म्हणजे कंबर दुखणार, गुडघे झिजणार. कमरेचं हाड चालण्यासाठी अरुंद हवं आणि बाळाचं डोकं मोठं, म्हणून बाईचं बाळंतपण अवघड. "तुम्ही माणूस झालात त्याची किंमत तुमच्या आया आजही देत आहेत," असं त्या म्हणायच्या. मराठीचा तास घेता घेता मी खिडकीतून हे ऐकायचो. माझ्या तासाला जांभया देणारी मुलं तिथे उन्हात उभी राहून ऐकत असायची.

प्रयोगशाळेत एक जुना तक्ता होता. डावीकडे वाकलेलं माकड, मग थोडं कमी वाकलेलं, असं करत करत उजवीकडे ताठ चालणारा गोरापान माणूस. हा तक्ता मॅडमनी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात फाडला होता, हे प्रयोगशाळेतले शिपाई डोमाजी मोठ्या कौतुकाने सांगत. तेव्हाच्या प्राचार्यांनी जाब विचारला तर मॅडम म्हणाल्या, "ही रांग खोटी हाये, सर. माकड आपला आजा नाई, चुलतभाऊ हाये. दोघांचा आजा एक होता, तो मेला. आन रांगेच्या शेवटी गोरा पुरुषच काहून? त्याच्या मागं पोट्टं घेऊन चालून राह्यली ते बाई कुठं गेली?"

तक्त्याच्या जागी त्यांनी दुसरं काही लावलं नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला त्या मुलांना चुलबंद नदीवर न्यायच्या आणि पुलावरून पात्र दाखवायच्या. रेतीत पाण्याच्या बारीक-बारीक धारा फुटलेल्या असतात. काही पुढे जातात, काही रेतीतच जिरतात, काही वेगळ्या होऊन पुढे पुन्हा एकमेकींत मिसळतात. "माणसाच्या प्रजाती अशा होत्या. एक नाही, अनेक. आपण वाहती राहिलेली एक धार. त्यात दुसऱ्या धारांचं पाणीही मिसळलेलं आहे. शुद्ध कुणीच नाही." शेवटचं वाक्य त्या जरा मोठ्याने म्हणायच्या.

या विषयाचं त्यांना वेड कसं लागलं, हे एकदा परीक्षेच्या पर्यवेक्षणाला आम्ही दोघं एका खोलीवर होतो तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या पाच-सहा वर्षांच्या असताना त्यांच्या वस्तीत शहरातून माणसं आली होती. त्यांच्याजवळ लोखंडी चिमट्यासारखी मापं होती. त्यांनी मॅडमच्या आजीला ओट्यावर बसवून तिच्या कवटीची लांबी घेतली, नाकाची रुंदी घेतली, बोटातून रक्त घेतलं आणि वहीत लिहून निघून गेली. निघताना आजीने विचारलं होतं, "बाबू, काय लिवलं?" तर त्यांच्यातला एक म्हणाला, "तुझ्या कामाचं नाही."

"आजी मरेपर्यंत विचारत होती, त्या वहीत काय लिवलं होतं म्हणून," मॅडम म्हणाल्या. "मानवशास्त्र घेतलं मी. लोकं समजत होते, पोरगी बिघडली. मी तर ते वही पाहाले गेली होती."

"सापडली?"

"वही नाई सापडली. पण तसल्या लय वह्या सापडल्या. कोनाचं नाक कितीचं, कोनाचं कपाळ कितीचं, आन त्याच्यावरून कोन वरचा, कोन खालचा. जुनं झालं ते, आता त्याले कोनी शहाना मानूस विज्ञान म्हनत नाई. पन माझ्या आजीचं नाव एकाही वहीत नाई. नाक हाये, नाव नाई."

हे सांगताना त्यांनी पेपर लिहिणाऱ्या मुलांवरची नजर हलवली नव्हती.

मानवशास्त्रात पदवी घेऊनही त्यांना त्या विषयाची नोकरी मिळाली नाही. पुढे प्राणिशास्त्र करून त्या आमच्याकडे आल्या. पण ती आजीची गोष्ट त्यांच्या आत कशी जळत होती, ते मी एका स्नेहसंमेलनात पाहिलं. संस्थेच्या ओळखीचे एक निवृत्त अधिकारी प्रमुख पाहुणे होते. बोलता बोलता ते म्हणाले की, जाणकार माणूस नाक आणि कपाळ बघून कूळ सांगू शकतो, विज्ञानानेही हे सिद्ध केलं आहे. एवढ्यावर न थांबता त्यांनी बक्षीस घ्यायला आलेल्या एका मुलीला मंचावर थांबवून घेतलं. "हे बघा. हे नाक पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करणाऱ्या वंशाचं. वाईट काही नाही त्यात. प्रत्येकाची जागा निसर्गानेच ठरवलेली असते."

मंडपात हशा पिकला. मुलगी बक्षिसाची वाटी छातीशी धरून उभी. प्राचार्य हसत होते, संस्थाचालक हसत होते.

तिसऱ्या रांगेतून मॅडम उठल्या. पर्समधून कापडी टेप काढत मंचावर चढल्या आणि पाहुण्यांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, विज्ञान म्हटलं तुम्ही. मंग मोजू. आधी तुमचं नाक द्या."

पाहुण्यांनी हात नाकावर नेला. माईक चालू होता.

"नाक रुंद की अरुंद, त्याचा संबंध हवेशी लावतात. जिथं हवा गरम आन दमट, तिथं रुंद. थंड-कोरड्या मुलखात अरुंद. अकलेशी नाई, कुळाशी नाई. एकाच जातीच्या शंभर घरांत जेवढा फरक सापडते, तेवढा दोन जातींत सापडत नाई. हे मी अकरावीले शिकवते. तुमी कितवीले शिकले?" मग त्या मुलीकडे वळल्या, आवाज एकदम खाली आला. "पोरी, खाली जा. तुझं नाक तुझं हाये."

दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस आली; प्रमुख पाहुण्यांचा अवमान केला म्हणून. मॅडमनी उत्तर लिहिलं आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिलं. एवढंच होतं: 'पाहुण्यांनी मोजमापाशिवाय विधान केले. मी मोजण्याची तयारी दाखवली. यात अवमान कोणाचा झाला, हे कळवावे.' चूक एकही नव्हती. त्या वर्षीची त्यांची वेतनवाढ रोखली गेली. शिक्षक-खोलीतून कुणी एक शब्द काढला नाही.

आता सांगाड्याचं सांगतो.

आमच्या प्रयोगशाळेत चाकांच्या स्टँडला टांगलेला एक मानवी सांगाडा होता. कॉलेज निघालं तेव्हा पुरवठादाराकडून आलेला, खऱ्या हाडांचा. पूर्वी तसेच यायचे. हाडं तारांनी आणि स्प्रिंगांनी जोडलेली, वार्निश लावून पिवळी पडलेली; कवटीचं झाकण करवतीने कापून कडीने बसवलेलं. पोरांनी त्याचं नाव मुन्नी ठेवलं होतं. एकदा बारावीच्या एका मुलाने त्याला टोपी आणि गॉगल घालून, खांद्यावर हात टाकून व्हिडिओ काढला. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी मुलाला विचारलं, "तुझी बहीण काय करते?"

"कॉलेजात हाये, मॅडम. फायनलले."

"म्हणजे वीस-एकवीस. ही तिच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी." पोराने हात काढला, मग गॉगल काढला, मग टोपी. व्हिडिओही तिथेच पुसला, असं डोमाजी सांगत.

मला ते खरं वाटलं नव्हतं. सांगाड्यावरून कोण वय सांगतो! मी तसं म्हणालो, तर मॅडम मला दंडाला धरल्यासारखं करून प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. पावसाळ्याचे दिवस होते, दुपारची वेळ. त्यांनी सांगाडा टेबलाजवळ ओढला.

"अंगठा द्या." कमरेच्या हाडाला मागच्या बाजूला एक खाच असते, त्यात त्यांनी माझा अंगठा ठेवला. तो सहज इकडे-तिकडे हलत होता. "पुरुषाची असती तर अडकला असता. बाई आहे." मग हासळीचं हाड, गळ्याजवळचं टोक. "हे टोक सगळ्यात शेवटी जुळतं. हे अजून पूर्ण जुळलेलं नाही. बावीस-तेवीसची असेल." मग नडगीच्या खालच्या टोकाला घोट्याजवळ एक गुळगुळीत चपटा डाग दाखवला. "उकिडवं बसून बसून इथं हाडावर हाड घासतं. चुलीपुढं, भांड्यांपुढं, बसूनच हिचं आयुष्य गेलं." मग समोरच्या दातांवर बोट फिरवायला लावलं. आडवी बारीक खाच लागली. "दात तयार होत होते तेव्हा वाढ थांबली. तीन-चार वर्षांची असेल. एकतर जबर दुखणं, नाहीतर पोटात अन्न नाही."

शेवटी मानेच्या मणक्यांपाशी त्या थांबल्या. मणक्यांच्या कडांना काटे फुटल्यासारखी वाढ होती.

"हे पन्नाशीच्या मानसाचे मणके हायेत, लांजेवार सर." बोली बदलली होती. "बावीस वर्षांची पोरगी आन मान पन्नास वर्षांची. डोक्यावर वझं. लहानपनापासून वझं. माझ्या मायची मान अशीच होती. धानाचे भारे वाहून वाहून तिले वर पाहता येत नव्हतं."

"मग ही आपल्याच भागातली..."

"ते हाड सांगत नाई," त्या तटकन म्हणाल्या. "गाव सांगत नाई, जात सांगत नाई, धर्म सांगत नाई. मुलंबाळं होती का, तेही पक्कं सांगता येत नाई. जेवढं दिसते तेवढंच बोलाव. पन एवढं सांगते, हिनं सही करून आपलं शरीर कोनाले देलं नाई. कोन्या दवाखान्यात नाईतर फलाटावर मेली, कोनी न्यायले आलं नाई, आन कोनीतरी उकळून, तारा घालून इकली. श्रीमंताच्या पोरीचा सांगाडा पाह्यला कधी कोन्या कॉलेजात?"

गप्प राहण्यात मी तरबेज आहे.

काही वर्षांनी तपासणी यायची म्हणून प्रयोगशाळेचं नूतनीकरण निघालं आणि प्लास्टिकचा पांढराशुभ्र सांगाडा आला. मॅडमना आनंदच झाला. प्लास्टिकचाच पाहिजे, असं त्या कधीपासून म्हणत होत्या. मग त्यांनी प्राचार्यांना अर्ज दिला: जुना सांगाडा एका स्त्रीचे अवशेष आहेत, महाविद्यालयाने त्यांना सन्मानाने मूठमाती द्यावी, खर्च मी करीन.

प्राचार्य अर्ज वाचून घाबरले. मी समोर बसलो होतो. ते म्हणाले, "मॅडम, माती द्यायची म्हटलं की पोलीस विचारतील, बॉडी कोणाची. मर्डर होता का. कागद कुठेत. तुम्हाला कळतं का काही?"

"विचारू द्या. कोनीतरी एकदा तरी विचारलं पाह्यजे, कोनाची होती म्हणून."

"आणि कुठल्या स्मशानात? कोण घेणार? जात माहीत नाही."

मॅडमनी टेबलावरचा अर्ज उचलला. मग उठून गेल्या. त्यांनी तो अर्ज पोलीस ठाण्यात दिला, तहसील कार्यालयात दिला, शिक्षण खात्यात पाठवला. कुठूनही उत्तर आलं नाही. ठाण्यात एकदा त्यांना अर्धा दिवस बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी "बाई, घरी कोणी नाही का तुम्हाला?" असं विचारून परत पाठवलं.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. मॅडम सिहोऱ्याला गेल्या. सुट्टीतच निर्लेखन समितीची बैठक बोलावली गेली. बाद वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमधून कमी करायच्या असतात, त्यासाठी तिघांची समिती असते: उपप्राचार्य, मुख्य लिपिक आणि त्या वर्षी मी. लिपिकाने रजिस्टर पुढे केलं. मोडक्या खुर्च्या, गंजलेले बर्नर, फुटकी काचपात्रं आणि त्यांच्या खाली, त्याच निळ्या शाईत: 'मानवी सांगाडा – १ नग.' मी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. उपप्राचार्य म्हणाले, "करा सर, चहा थंड होऊन राहिला." मी सही केली.

डोमाजींना 'विल्हेवाट लावा' म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी तारा कापल्या, हाडं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरली. ते पोतं कचऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये गेलं.

सुट्टी संपवून मॅडम आल्या, प्रयोगशाळेत गेल्या आणि बाहेर येऊन डोमाजींना एवढंच विचारलं, "कुठं?" डोमाजी रडायला लागले. त्याच दुपारी दोघं गावाबाहेर कचरा टाकतात तिथे गेली. दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्याही. साडी खोचून, हातात काठी घेऊन आमच्या जीवशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापिका उकिरडा उकरत होत्या, आणि हायवेवरून जाणाऱ्या पालकांनी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. शिक्षक-खोलीत ते फोटो फिरले. हसणारे हसले. एकही हाड मिळालं नाही. भंगारवाल्याकडे लोखंडी स्टँड तेवढा सापडला.

त्या वर्षाअखेरीस मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभात प्राचार्यांनी शाल उघडली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "शाल नंतर. आधी डेड स्टॉक रजिस्टर आणा." लिपिक प्राचार्यांकडे बघू लागला. डोमाजी मात्र कुणालाही न विचारता उठले आणि रजिस्टर घेऊन आले. मॅडमनी चष्मा लावला आणि वाचलं. "खुर्ची, हात तुटलेली, निर्लेखित. बर्नर, गंजलेला, निर्लेखित. मानवी सांगाडा, एक नग, निर्लेखित." मग सह्या वाचल्या. उपप्राचार्यांचं नाव, लिपिकाचं नाव, माझं नाव. माझ्या नावाशी त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही.

"बावीस-तेवीस वर्षांची पोरगी होती. बस, एवढंच म्हणायचं होतं."

त्या बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्राचार्यांनी घसा खाकरून त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, "मॅडमच्या प्रदीर्घ सेवेबद्दल..."

मला पुढे दीड वर्ष त्यांना तोंड दाखवायचा धीर झाला नाही. शेवटी एका हिवाळ्यात मी सिहोऱ्याला गेलो. धानाची मळणी संपली होती, अंगणात तणसाचा ढीग होता. मॅडम आणि त्यांचे धाकटे भाऊ अशोक खाटेवर बसले होते. मी चहाला हात लावायच्या आधीच बोलून टाकलं. "मॅडम, ती सही मी वाचून केली होती. नजरचुकीने नाही."

"मले माहीत हाये. तुमी न वाचता सही करत नाई."

"मला लाज वाटते."

"वाटाले पाह्यजे." त्या आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. देहदानाचा अर्ज होता. छापील मजकुराखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझे शरीर शिकवण्यासाठी वापरावे. सांगाडा केल्यास त्यावर माझे नाव, माझ्या आईचे नाव आणि गाव लिहावे.'

अशोकभाऊ म्हणाले, "सर, समजवा तुमी हिले. लोकं मले म्हनतीन, बहिणीले माती बी देल्ली नाई."

"माती काय पळून चालली?" मॅडम म्हणाल्या. "पोट्टे शिकतीन माझ्यावर. पन कोनाच्या अंगावर शिकून राह्यलो, हे त्यायले माहीत पाह्यजे." मग माझ्याकडे वळल्या. "साक्षीदार पाह्यजे एक. सही करा."

"माझी? मीच का?"

"बाकीच्या दोघायले लाज नाई वाटत."

मी सही केली. मग अशोकभाऊंनीही केली.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सकाळीच अशोकभाऊंचा फोन आला. रात्री छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पोचलो तेव्हा अंगणात वंदना सुरू होती. त्रिशरण-पंचशील झालं, बायकांनी फुलं वाहिली. मागे काही जण कुजबुजत होते, बहिणीचे तुकडे करायला देतो म्हणून. अशोकभाऊंनी मान खाली घातली नाही. रुग्णवाहिकेत ते पुढे बसले, मी मागे.

मेडिकल कॉलेजात कागद झाले. कर्मचारी माणूस चांगला होता, हळू बोलत होता. त्याने मनगटाला बांधायला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली आणि तिच्यावर नंबर टाकला.

"नाव लिहा," मी म्हणालो.

"नाव फाईलमध्ये हाये, सर. बॉडीवर नंबरच राह्यते."

"नंबर राहू द्या. खाली नाव लिहा."

"तशी पद्धत नाई, सर."

पद्धत नाही, म्हटल्यावर आजवर मी नेहमी मागे सरलो आहे. नोकरीभर तेच केलं. त्या दिवशी का सरलो नाही, माहीत नाही. मी अर्ज उघडून त्यांच्या अक्षरातली ओळ त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, "हे वाचा. आणि लिहीपर्यंत मी इथून हलणार नाही." माझा आवाज इतका चढला होता की, अशोकभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्याने ओळ वाचली. जाड पेन शोधलं आणि लिहिलं, यशोदा.

"यशोधरा," मी म्हणालो.

त्याने ती चिठ्ठी टाकून दुसरी घेतली. नंबर पुन्हा टाकला. त्याखाली मी सांगत गेलो तसं सावकाश लिहिलं: यशोधरा रंगारी. आई देवकाबाई. सिहोरा. दोरा अशोकभाऊंनी स्वतः बांधला.

स्ट्रेचर आत ढकललं. लांबलचक खोली, फिनेलचा वास, टेबलं. पांढरा कोट घातलेली एक मुलगी तिथे वही घेऊन उभी होती, पहिल्या वर्षाची असावी. स्ट्रेचर जवळ येताच ती आधी एक पाऊल मागे सरली. मग पुढे झाली, मान वाकवून तिने चिठ्ठी वाचली. तिचे ओठ हलले. दार लागलं.